तीन लिटरच्या वर

श्वास मोजायच्या यंत्राला रोज सकाळी आधी खोटा श्वास द्यावा लागतो. त्यासाठी एक मोठी सिरिंज असते, सायकलच्या पंपाच्या चौपट जाड. आत बरोबर तीन लिटर हवा मावते. दट्ट्या मागे ओढायचा, सिरिंजचं तोंड यंत्राच्या नळीला लावायचं आणि एका दमात दट्ट्या पुढे ढकलायचा. पडद्यावर तीन लिटर आले की यंत्र खरं बोलतंय, आता माणसं बोलवायला हरकत नाही.

त्या सोमवारी पावणे गावात तीन लिटर आले.

जागा मीच निवडली होती. देवळाला लागून भजनी मंडळाची खोली आहे. भिंतीवर खिळ्यांना टाळांच्या जोड्या, कोपऱ्यात गवसणी घातलेला पखवाज. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर कंपनीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे नवा रिअॅक्टर, निळा रंग दिलेला, अजून सुरू न झालेला. चैत्रातला सप्ताह त्याच दिवशी बसला होता. एरवी तपासणीला बोलावलं तर कोणी फिरकत नाही, पण सप्ताहात माणूस देवळाकडे येतोच. शिवाय खोटं कशाला बोलू, मलाही कीर्तनं ऐकायची होती. मी शेजारच्या शिरवणे गावची. वडील वीणेकरी होते. त्यांचं बोट धरून या पट्ट्यातला एकही सप्ताह मी सोडला नव्हता, आणि पुढे डॉक्टर झाले तरी ती सवय सुटली नाही.

काम असं होतं. कंपनीत फोम आणि रंग कडक करणारं एक रसायन बनतं. त्याचं खरं नाव एका ओळीत मावत नाही. गावात सगळे 'चारशे दहा' म्हणतात. ते माणसाच्या तब्येतीला किती घातक आहे याचा अहवाल मला करायचा होता. अशा अहवालाचं गणित फार साधं आहे. हवेत किती असेपर्यंत माणसाला काहीच होत नाही, तो आकडा शोधायचा. सगळी माणसं सारखी धट्टीकट्टी नसतात म्हणून त्याला दहाने भागायचं. जे येईल ती कुंपणावरची मर्यादा. पावण्यातल्या माणसांची फुफ्फुसं कमी भरली, तर मर्यादा आणखी खाली येणार आणि निळा रिअॅक्टर बंदच राहणार. फुफ्फुसं ठीक भरली, तर आज हवेत जेवढं आहे तेवढ्याने काही होत नाही असा अर्थ निघणार, आणि देवळाच्या मागच्या भिंतीला दुसरा रिअॅक्टर धूर सोडायला लागणार.

माझ्यासोबत अस्मिता होती. यंत्र तीच चालवायची. वय बत्तीस, घणसोलीला सासर, आवाज असा की शेजारच्या गल्लीला ऐकू जावा. या तपासणीत आवाजच लागतो. नळी तोंडात धरलेल्या माणसाला शेवटचा थेंब निघेपर्यंत ओरडून फुंकायला लावावं लागतं.

"फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, अजून! सोडायचं नाही काकी!"

गोजराकाकीने नळी काढली आणि पदराने तोंड पुसलं. "येवरं फुकलं असतं तं चूल पेटली असती, नि कालवन पन झायलं असतं."

खोलीत हशा पिकला. मी आकडा बघितला. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचे दोन लिटर एकवीस यायला हवेत. काकीचे एक त्रेचाळीस आले होते. पाऊण लिटर गेलं होतं कुठे तरी. मिश्रीने काळे झालेले दात दाखवत ती विचारत होती, "पास झायले कं नाय?"

तिच्यामागोमाग तिचा नवरा आला, वामनबुवा. बुवांनी बावीस वर्षं चारशे दहाचे ड्रम भरले आणि चाळीस वर्षं कीर्तन केलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी लावलेला एक सूर मला आठवतो. मंडपातल्या बायका हसायला लागल्या होत्या, इतका वेळ तो सुटतच नव्हता. आता बुवा चार पावलं चालून खुर्चीवर बसले आणि बोलायच्या आधी थांबले.

"पोरी, तुझा बाप असता तं बोल्ला असता, वामन्या, आता खाली बस."

"बुवा, फुंका आधी."

तीन अठरा हवे होते. दोन शून्य चार आले. एक लिटर चौदा कमी.

"काल्याचं कीर्तन माजंच हाय रविवारी," ते म्हणाले. "सूर लावला की चार मोजेतोवर फुटतंय. मंग टाळकरी समजून घेतात, जोरात वाजवतात. लोकांना वाटतं रंग चढला." हसता हसता खोकले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हातारपन नाय ना हे, सुचिते? तेवरं लिहून दे. बाकी काय नको."

"तेच लिहिणार आहे बुवा."

संध्याकाळी पाच वाजता दीपेशचा फोन आला. दीपेश म्हणजे ज्या सल्लागार संस्थेकडून मी हे काम करत होते तिचा प्रमुख. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अत्यंत गोड बोलणारा.

"मॅडम, आकडे बघितले. जरा लो वाटतायत. रेफरन्स कुठला लावलाय?"

"देशाचा प्रमाण तक्ता. दुसरा कुठला लावणार?"

"सॉफ्टवेअरमध्ये 'स्थानिक' म्हणून आहे बघा खाली. तो लावा ना."

"तो कुठून आला?"

"कंपनीच्या वार्षिक तपासणीतनं. अकरा वर्षांचा डेटा आहे. इकडच्या लोकांची नॉर्मल कपॅसिटी. हे लोक बेसिकली छातीने लहानच असतात, मॅडम. तुम्हाला तर माहितीच असेल."

मला माहीत होतं! ज्यांनी चारशे दहा ओढून ओढून छात्या घालवल्या, त्यांचीच सरासरी काढायची, तिलाच निरोगी म्हणायचं, आणि मग त्यांनाच तिच्याशी ताडून बघायचं. अशाने कोणी कधी आजारी ठरणारच नाही.

"नाही लावणार," मी म्हणाले.

"अहो टेन्शन नका घेऊ. रिपोर्टला दोन्ही तक्ते जोडू. कंपॅरिझन. नमुन्याला एक पाठवा आज."

दोन्ही जोडू म्हणाला म्हणून मी फसले. चूक माझी. मी बुवांची फाइल उघडली आणि 'स्थानिक' वर बोट टेकवलं. एक लिटर चौदाची तूट लाल रंगात होती ती गेली. तिथे हिरव्या अक्षरात आलं: सामान्य.

मंगळवारी सकाळी अस्मिताने सिरिंज ढकलली आणि म्हणाली, "ताई, हे काय आलं?"

पडद्यावर ४.१४ होते.

"परत कर."

परत ४.१४. तिसऱ्यांदा ४.१४.

"कुठे तरी लीक असेल," मी म्हणाले.

"लीक असेल तर कमी येईल ना? जास्त कसं येईल?"

बरोबर होतं तिचं. तीन लिटरच्या भांड्यातून चार लिटर पाणी कोणी काढून दाखवावं तसं ते होतं. आम्ही गाळणी बदलली, नळी बदलली, यंत्र बंद करून चालू केलं. आमच्या कामात एक दुसरीही खात्री असते: यंत्र चालवणारी व्यक्ती रोज स्वतः फुंकते, तिचा आकडा ठरलेला असतो. अस्मिताने फुंकलं. तिचे नेहमीचे दोन शहाऐंशी आले. म्हणजे यंत्र ठीक होतं. फरक सिरिंजमध्ये होता.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मी तेव्हा अस्मिताला सांगितली नाही. यंत्र हवेचं तापमानही दाखवतं. खोलीत एकतीस अंश होतं. सिरिंजमधून आलेली हवा छत्तीस पूर्णांक आठ होती.

काम थांबवण्यासारखं नव्हतं, बाहेर माणसं बसली होती. मी वहीत 'सिरिंज सदोष' असं लिहिलं आणि पहिलं नाव पुकारलं. त्या दिवशी दीपेशने आणखी सहा नमुने मागितले. मी चिडून पाठवले. त्यात गोजराकाकीही होती.

बुधवारी अस्मिताने दट्ट्या ढकलला. तो टेकला. खट् असा आवाज आला, शेवटाला टेकल्याचा. आणि हवा येतच राहिली.

पडद्यावरचे आकडे चढत होते. चार. पाच. सहा. अस्मिताचे दोन्ही हात सिरिंजवर घट्ट होते, ती ढकलत नव्हती, नुसती धरून होती. माझ्याकडे बघत होती. ९.१६ वर ते थांबलं.

"ताई, मी काही केलं नाही."

"ठाऊक आहे मला."

मी सिरिंजच्या तोंडाशी तळहात धरला. ऊब होती. ओलसर. एखाद्याने जवळ येऊन काही सांगावं तशी. मी नाक पुढे नेलं. चारशे दहाचा वास आला, कैरीच्या देठाच्या चिकासारखा, घशाला लागणारा. त्याच्या आत तंबाखू, आणि त्याच्याही आत, अगदी ओळखीची, मिश्री.

मी खुर्चीवर बसले. देवळात सकाळचं पारायण चाललं होतं, शेपन्नास माणसं एका लयीत वाचत होती. मी पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बेरीज मांडली. ज्या सात जणांना मी 'स्थानिक' तक्ता लावला होता, त्या सात जणांची पुसली गेलेली तूट. बुवांची एक चौदा. काकीची अठ्ठ्याहत्तर शतांश. बाकी पाच जणांची. बेरीज आली सहा लिटर सोळा.

तीन आणि सहा सोळा. नऊ सोळा.

मी लॅपटॉप उघडला आणि गोजराकाकीला पुन्हा देशाचा तक्ता लावला. हिरवं गेलं, लाल आलं.

"ढकल," मी अस्मिताला म्हटलं.

८.३८.

"आता?" मी काकीला परत 'सामान्य' केलं.

९.१६.

साती जणांना खरा तक्ता लावला. ३.००. हवा थंड, कोरडी, कसलाही वास नसलेली.

अस्मिता भिंतीला टेकली. तिचा तो आवाज पार बसला होता. "ताई, म्हणजे कागदावरनं काढलं की इथनं येतं?"

"मला माहीत नाही."

"त्यांचं आहे ते?"

"मला माहीत नाही गं!" मी ओरडले. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. मला राग आला होता तो निराळ्याच गोष्टीचा. माणसाचा श्वास घ्यायचा, आणि वर तो घेतलाच नाही म्हणून लिहायचं. त्या सिरिंजमध्ये जे काही होतं, त्याने एवढंच सांगितलं होतं की आम्ही इथे आहोत. आणि ते सांगायला त्याला माझं यंत्र लागलं, कारण माणसांचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी 'स्थानिक' तक्त्याला हात लावला नाही. सिरिंजला टोपण घातलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि कपाटात टाळांच्या खाली ठेवून दिली. आता कळतं, ते टोपण घालायला नको होतं.

शुक्रवारी दीपेश स्वतः आला. पांढरा शर्ट, पायात मोजे. देवळात बूट काढावे लागले त्याचं त्याला अवघड झालं होतं. तपासणी त्याच दुपारी संपली होती आणि यादीतले एकसष्ट जण कमी भरले होते. एकंदर तूट अठ्ठेचाळीस लिटर.

"मॅडम, सरकारी पोर्टलची मुदत रविवारी बारापर्यंत आहे. आपण असं पाठवू शकत नाही."

"आपण असंच पाठवणार."

"तुम्ही इमोशनल होताय. तुम्ही याच लोकांतल्या आहात, आय अंडरस्टँड."

"याच लोकांतली आहे म्हणून माझी छाती लहान आहे का दीपेश? मोज. ये, बस, तुझी पण मोजते. एकाच तक्त्यावर मोजू दोघांची."

तो हसला. चहा न घेता निघाला. दारात गोजराकाकी बसली होती, तिने त्याच्या मोज्यांकडे बघून शेजारणीला विचारलं, "या साहेबाचं पाय दुखतान कं गं?" तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करून गेला. माझी स्कॅन केलेली सही त्याच्याकडे होती. गेल्या तीन कामांपासून होती. हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं.

रविवारी दहा वाजता काल्याचं कीर्तन उभं राहिलं. मंडप भरला. मध्ये बुवा, गळ्यात उपरणं, मागे दोन रांगांत टाळकरी, बाजूला पखवाज. वर दहीहंडी टांगलेली, लाह्यांच्या टोपल्या तयार. मी बायकांत पुढे बसले. अस्मिता माझ्या शेजारी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी.

बुवा चांगले बोलले. बसून बोलले, थांबून थांबून, पण त्यांचं बोलणं असं होतं की थांबलं तरी ओघ तुटत नव्हता. गोपाळांची शिदोरी सोडायचा प्रसंग आला. एकाची भाकर, दुसऱ्याचा भात, कोणाचं नुसतं मीठ. सगळं एकत्र कालवलं आणि कोणाचं कुठलं ते उरलं नाही. सव्वाअकरा वाजले होते. मग बुवा उभे राहिले, डोळे मिटले आणि हरिनामाचा सूर लावला.

मी नकळत मोजलं. एक. दोन. तीन. चार. टाळकऱ्यांनी जोरात वाजवायला हात उचलले.

सूर फुटला नाही.

पाच, सहा, सात. टाळकऱ्यांचे हात तसेच राहिले. दहा. सूर भरदार होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या सुरासारखा. मंडपातून एक मोठा, आनंदाचा गलका उठला. कोणी तरी ओरडलं, "बुवा, वा!" म्हातारी माणसं हात जोडत होती. पंधरा. वीस.

गोजराकाकी माझा दंड धरून म्हणाली, "बाय, आला बघ त्यांचा दम!"

तीस.

अस्मिता माझ्याकडे वळली. तिने आधीच लॅपटॉप उघडला होता. पडद्यावर पोर्टलवर चढलेला आमचा अहवाल, एकसष्ट नावं. एकसष्ट नावांपुढे हिरव्या अक्षरात एकच शब्द. खाली माझी सही. वेळ: अकरा सोळा.

मी फोन लावला. दीपेशने लगेच उचलला, जणू वाटच बघत होता.

"परत फिरव ते. आत्ता."

"मॅडम, सबमिट झालंय. फाइल लॉक झाली. आता मलाही हात लावता येत नाही. हे मागे काय वाजतंय?"

मी फोन खाली टाकला.

एव्हाना मंडप गप्प झाला होता. आनंद कधी संपला ते कळलं नाही. सूर चालूच होता. आणि त्यात आता बुवांचा आवाज एकटा नव्हता. जाड, पातळ, बायकी, घोगरे, एकावर एक चढलेले. बुवांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत होते.

हवा बाहेर येत होती. आत थेंबभरही जात नव्हती.

गाताना माणसाची सेकंदाला पाव लिटरहून थोडी कमी हवा जाते. अठ्ठेचाळीस लिटर म्हणजे साडेतीन-चार मिनिटं. त्या छातीला तेवढं झेपणार नव्हतं. त्यांच्या ओठांवर निळसर रंग चढायला लागला होता. हवेला तोंड हवं होतं. एक तोंड मी चिकटपट्टीने बंद करून ठेवलं होतं. पण बुधवारी खरे आकडे लावताच हवा थांबली होती.

"अस्मिता, नोंदवही. आकडे सांग. खरे."

"लॉक आहे ना ताई?"

"कागदावर लिहिते. सांग!"

तिचा आवाज परत आला. ती उभी राहून वाचायला लागली. "एक, ऐंशी शतांश! दोन, बावन्न! तीन, एक लिटर तीन!" मी नावापुढे अंक लिहीत होते, पुढे सही, पुढचा अंक, पुढे सही. पेन कागदात रुतत होतं. दहा झाले. सुरातला एक जाड पदर गळून पडला.

लोकांना काय कळलं कोणास ठाऊक. त्यांना आठवडाभर अस्मिताने प्रत्येकाचा आकडा तोंडावर सांगितला होता. गोजराकाकी उठली आणि छातीवर हात मारून ओरडली, "माजं लिव! पाऊन लिटर! गोजरा वामन! लिव!"

"अंकुश! नव्वद कमी माजं!"

"नामा! एक लिटर! लिव ताई!"

सगळा मंडप उभा राहून ओरडत होता. हुंकार होता तो, आरती नव्हे. मी चाळीस वर्षं देवळात बसले, इतकी रागावलेली माणसं तिथे कधी पाहिली नाहीत. मी लिहीत होते. चाळीस. पन्नास. सूर बारीक होत होत दोऱ्याएवढा झाला. साठ.

एक उरला. आता तो फक्त बुवांचा होता.

मी लिहिलं: वामन, एक लिटर चौदा कमी. म्हातारपण नव्हे.

सही केली.

सूर थांबला.

मग एक आवाज आला, बुडणारा माणूस पाण्याबाहेर येताना करतो तसा. बुवांनी श्वास आत घेतला. टाळकऱ्यांनी त्यांना धरून खाली बसवलं. काकीने पाणी लावलं तोंडाला. बऱ्याच वेळाने ते मला जवळ बोलावून म्हणाले, "सगले व्हते गं माज्या गल्यात. एकेकाला वलखला मी."

हंडी फुटली, पण लाह्या उचलायला कोणी धावलं नाही.

सोमवारी सकाळी ती नोंदवही घेऊन मी सरकारी कार्यालयात जाणार होते. माझ्या परवानगीशिवाय सही वापरल्याची तक्रार लिहून झाली होती. गावची चाळीस माणसं सोबत येणार होती, काकीने डबे भरले होते. एकच गोष्ट राहिली होती. आकडे घेतले तेव्हा यंत्र बरोबर होतं, याचा शेवटच्या दिवसाचा पुरावा जोडावा लागतो. अस्मिता गल्लीतून दोन चहा घेऊन आली. मी कपाटातून सिरिंज काढली, चिकटपट्टी सोडवली आणि ढकलली.

३.०२.

परत. ३.०२. तिसऱ्यांदा ३.०२.

"पास आहे ताई," अस्मिता म्हणाली. "नव्वद मिलिलिटरपर्यंत वरखाली चालतं."

चालतं. नियमात बसतं ते. मी मान हलवली आणि तेवढ्यात खालचा तापमानाचा आकडा दिसला. छत्तीस पूर्णांक नऊ.

मी यादी काढली. एकसष्ट नावं वहीत होती, एकसष्ट सह्या होत्या. बोट ठेवून दोनदा मोजलं. कोणीही सुटलेलं नव्हतं. मग मी सिरिंजचं तोंड नाकाजवळ नेलं. ना तंबाखू, ना मिश्री, ना चारशे दहा. काहीच नाही. नुसती ऊब.

वीस मिलिलिटर. नुकतं जन्मलेलं मूल एका श्वासात एवढीच हवा घेतं. आमच्या यादीत अठरा वर्षांखालचं कोणीही नव्हतं.

"ताई, तुमचा चहा निवतोय," अस्मिता म्हणाली. स्वतःचा भरलेला कप तिने खिडकीत, कुंपणाच्या बाजूला, लांब सरकवून ठेवला. "माझाही घ्या तुम्ही. दोन दिवस झाले, मला त्याचा वासच सहन होईना."